प्रबंध लिहिताना बोलावे कसे?

स्मरणिकेसाठी एखाद्या आजारावर लिहावे, असे संपादकांनी सुचवले होते. परंतु मंडळातील अनेकांची मुले सध्या एम.डी. वा पीएच.डी.च्या प्रबंधात गुंतली आहेत, आणि अडलेला प्रबंध हाही घरात मुक्कामाला आलेला आजारच असतो. म्हणून हा विषय.

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या एम.डी.च्या प्रबंधाचा विषय होता नवजात बालकांची कावीळ. तिचा पिवळेपणा चेहऱ्यापासून तळपायांकडे उतरत जातो, हे क्रेमर यांनी १९६९ मध्ये मांडले. डोळ्यांनी केलेला हा अंदाज आणि रक्तातील बिलिरुबिन कितपत जुळतात, एवढाच माझा प्रश्न. काम निम्म्यावर आले असता ध्यानात आले, की अनेक प्रोफॉर्मांवर बाळ पाहिल्याची वेळ आहे, रक्त घेतल्याची नाही. पहिल्या दिवसांत बिलिरुबिन तासागणिक बदलते. सकाळी पाहिलेली त्वचा आणि सायंकाळी घेतलेले रक्त यांची तुलना करायची कशी? प्रोफॉर्मा मीच आखला होता. सरांच्या धाकाने मी दोन महिने गप्प राहिलो. राउंडला विषय निघाला की 'चालू आहे, सर' एवढेच उत्तर. तिकडे रात्रपाळीचे सहकारी तोच सदोष प्रोफॉर्मा भरत होते. अखेर सांगितले तेव्हा सर संतापले, ते चुकीवर नव्हे. "या दोन महिन्यांत किती बाळांच्या टाचेला उगाच सुई टोचलीस?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. वेळ नसलेल्या नोंदी आम्ही वगळल्या. किती वगळल्या आणि का, हे प्रबंधात लिहिले. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच आला.

आता मी मार्गदर्शकाच्या खुर्चीत आहे. भेटीस येताना विद्यार्थ्याने अर्धे पान लिहून आणावे, असा माझा आग्रह असतो: काय झाले, कुठे अडले, माझ्याकडून कोणता निर्णय हवा. 'सर, जरा बघता का?' म्हणत ऐंशी पाने पुढे ठेवणे म्हणजे रुग्णाची हकीकत न सांगता नुसती एक्स-रे फिल्म हातात देणे. भेटीत ठरलेले त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने कळवावे. मार्गदर्शक विसरतात, मीही विसरलो आहे.

शोधनिबंधावर कोणाची नावे घालायची, हे काम सुरू होतानाच बोलून घ्यावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती यासाठी चार निकष सांगते: कामात भरीव वाटा, लेखनात वा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्यास मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चौथा २०१३ मध्ये जोडला गेला. केवळ विभागप्रमुख असणे यांत बसत नाही. अर्थात विभागप्रमुखांसमोर हे उच्चारणे किती कठीण, हे मी जाणतो. निदान मार्गदर्शकाशी तरी बोलावे.

राहिले संमतिपत्र. आम्हा बडोदेकरांच्या घरी मराठी, वॉर्डात गुजराती आणि प्रबंध इंग्रजीत. माझ्या एका विद्यार्थिनीने इंग्रजी मसुद्याचे जडजंबाल गुजराती करून आणले. मी ते वॉर्डातील मावशींना वाचून दाखवायला सांगितले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी थांबवले आणि म्हणाल्या, "बेन, सीधुं लखो ने, पगनी एडीमांथी थोडां टीपां लोही लइशुं." तिने ते वाक्य तसेच उतरवून घेतले आणि उरलेला मसुदा घेऊन त्यांच्याच शेजारी स्टुलावर बसली.