पाण्याखाली रंग हवेत? मग उजेड घेऊन उतरा!

तारकर्ली किंवा अंदमानहून परतलेल्या मित्राचे फोटो आठवा. मासा निळा, प्रवाळ निळं आणि मित्रसुद्धा निळा! कॅमेऱ्याचा दोष नाही. समुद्राचं पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवरच तो जवळजवळ गायब होतो, मग नारिंगी, मग पिवळा. तो परत हवा असेल तर स्ट्रोब घ्यायलाच हवा.

स्ट्रोब म्हणजे कॅमेऱ्याबाहेर, लांब दांड्यांवर बसवलेला वॉटरप्रूफ फ्लॅश. 'कॅमेऱ्यात फ्लॅश आहे की!' असं म्हणाल, तर घोळ तिथेच आहे. आतला फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. त्याचा उजेड मधल्या गाळाच्या कणांवर आपटून थेट लेन्समध्ये येतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. याला म्हणतात बॅकस्कॅटर. मालवणच्या गढूळ पाण्यात तर हे दुखणं जामच मोठं. म्हणून स्ट्रोब बाजूला लांब न्यायचा, लेन्सच्या थोडा मागे ठेवायचा आणि तोंड किंचित बाहेर वळवायचं. झोताची फक्त कड माशाला लागली पाहिजे. पहिल्यांदा हे उलटंच वाटतं, पण फरक लगेच दिसतो.

आणि जवळ जा! उजेडाला माशापर्यंत जाऊन परत यायचं असतं, म्हणजे पाणी दुप्पट कापायचं. मीटर-दीड मीटरपलीकडे महागातला स्ट्रोबही हात टेकतो. मागच्या निळ्या समुद्राचा सूर शटर स्पीडने ठरवा. समोरच्या माशाचा उजेड अ‍ॅपर्चर आणि स्ट्रोबच्या पॉवरने. एवढा एक फंडा कळला की निम्मी लढाई जिंकलात.

आता खरेदी. इनॉन, सी अँड सी ही नावं डायव्हर मंडळींच्या तोंडी असतात. पण स्ट्रोब निवडण्याआधी आपला कॅमेरा तपासा. बरेच स्ट्रोब कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा इशारा फायबर ऑप्टिक केबलमधून घेतात. तुमच्या मिररलेस बॉडीला फ्लॅशच नसेल तर हाउसिंगमध्ये वेगळा एलईडी ट्रिगर बसवावा लागतो, आणि हा खर्च दुकानात सहसा शेवटी कळतो. टीटीएल सोयीचं आहे, पण मॅन्युअलवरही चालणाराच घ्या. शिकाल मॅन्युअलवरच. दोन स्ट्रोब हवेतच का? वाइड अँगलसाठी हो. न्यूडिब्रँकसारखे चिमुकले जीव टिपायला एक चांगला पुरतो, आणि गढूळ पाण्यात तसंही मॅक्रोच बरं.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगतो. इन्स्ट्रक्टरने दंडाला धरून फिरवून आणलेल्या पहिल्या डाइव्हला हे लटांबर नेऊ नका. आधी ओपन वॉटर कोर्स करा, मग पाण्यात तरंगत स्थिर राहायला शिका. स्क्रीनकडे बघताना हवेचा गेज बघायचा राहतो, आणि फोटोच्या नादात मारलेली एक फिन वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मोडते.

बॅटऱ्या रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडच्या वापरा. फ्लॅश लवकर भरतो. झाकण लावण्याआधी ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण नाही ना, ते टॉर्चखाली बघा. डाइव्ह संपल्यावर सगळा सेट तासभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ एकदा सुकलं की बटणं अडकलीच म्हणून समजा.