जातीचा अपमान आणि मताचा अधिकार

"आजकाल काही बोलायची सोय राहिली नाही, लगेच अ‍ॅट्रॉसिटी लावतात!" कचेरीत चहाच्या वेळी, एस.टी.च्या थांब्यावर हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. असे बोलणाऱ्यांपैकी काहींच्या मनात खोट असते, पण सर्वांच्याच नसते. म्हणून या वाक्याला रागावून नव्हे, तर कायदा समजावून उत्तर दिले पाहिजे.

आम्हा कोल्हापूरकरांना हे अवघड नाही. १९१९ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील सरकारी शाळा, दवाखाने, सार्वजनिक विहिरी आणि धर्मशाळांत शिवाशिव पाळण्यास हुकमाने बंदी घातली. लगेच पुढल्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' काढला. त्यास अडीच हजार रुपयांचे साहाय्य याच महाराजांनी दिले. त्या काळी पैसे मोजूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला 'केसरी' तयार नव्हता. शिवाशिवीवर बंदी आणि मुक्या माणसाला वाचा, ही दोन कामे एकाच राजाने केली. त्यांत त्याला विरोध दिसला नाही.

घटनेतही तसेच आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले. त्या स्वातंत्र्यावर वाजवी बंधने घालता येतात, पण कारणे घटनेत नेमकी मोजून दिली आहेत. 'मला राग आला' हे कारण त्यांत नाही.

आता अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा पाहू. तो १९८९ साली संमत झाला व ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच वर्षी बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरले गेल्याने त्याचे संरक्षण आपल्याला मिळते. अनुसूचित जातीच्या माणसाला कमी लेखण्याच्या हेतूने लोकांदेखत अपमानित करणे किंवा जातीवाचक शिवी देणे, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. मात्र भांडण शेताच्या बांधाचे असेल आणि अपमान जातीवरून झालेला नसेल, तर हे कलम लागत नाही. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना बोललेले शब्दही त्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. कोणी आरक्षणाविरुद्ध मत मांडले, एवढ्यानेही गुन्हा होत नाही. त्या मताला आपण मतानेच उत्तर द्यायचे.

हा फरक आपणच सर्वांआधी जपला पाहिजे, कारण मत दाबण्याचा फटका आपल्याला बसलेला आहे. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्यावरील प्रकरणाने भावना दुखावतात, ते काढून टाका, अशी ओरड झाली. १९८८ च्या फेब्रुवारीत आपला समाज मुंबईत प्रचंड मोर्चाने रस्त्यावर उतरला. अखेर प्रकरण राहिले. शासन या मताशी सहमत नाही, अशी टीप तेवढी जोडली गेली. 'ज्याच्या भावना दुखावल्या, त्याच्या म्हणण्याने पुस्तक बंद' हा नियम त्या वेळी चालला असता, तर बाबासाहेबांचेच शब्द बंद झाले असते.

परंतु २०१२ साली आपल्यातल्याच काही जणांना याचा विसर पडला. घटनानिर्मितीच्या गतीवरचे, १९४९ साली बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झालेले शंकर यांचे व्यंगचित्र एका पाठ्यपुस्तकात होते. ते चित्र नापसंत असण्याचा, निषेध करण्याचा हक्क प्रत्येकाला होता. पण पुणे विद्यापीठात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तो निषेध नव्हता. २०१६ पासून या कायद्यात, आपल्या समाजाला आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर हाही गुन्हा आहे. पुतळ्याची विटंबना करणाऱ्यासाठी ते कलम हवेच. अभ्यासकाच्या टीकेवर ते उगारले, तर उद्या तेच शस्त्र दुसऱ्या नावाने आपल्यावर उलटेल.

शस्त्र कसे उलटते, हे आपल्याच जिल्ह्यात दिसले. येथील एका महाविद्यालयातील काश्मिरी प्राध्यापकाने २०२२ साली मोबाईलवर ५ ऑगस्ट हा काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचे लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलिसांनी समाजात वैर पसरविल्याचा, कलम १५३-अ चा गुन्हा नोंदविला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, समंजस माणसावर काय होईल यावरून तोलायचा, असे न्यायालयाने म्हटले. ते मत कोणाला पटो वा न पटो, ही मोजपट्टी आपल्या कामाची आहे.

म्हणून वाचकहो, जातीवरून कोणी चारचौघांत अपमान केला तर गप्प बसू नका. नेमके शब्द, जागा, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा व पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. फिर्याद नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही, आणि तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. पण केवळ मत खटकले असेल तर पोलीस ठाण्याकडे न जाता ग्रंथालयाकडे जा, वाचा, सभेत उठून उत्तर द्या. खऱ्या फिर्यादीचे वजन त्यानेच टिकेल.