रिपोर्ट येईपर्यंत

गेल्या महिन्यात दवाखान्याची पाटी उतरवली. ३८ वर्षं झाली होती. शाल, नारळ, पेढे, दोन-चार भाषणं, सगळं रीतसर पार पडलं. पण त्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू आजारी पडल्या आणि निरोपाची गोडी उतरली.

काकूंचं वय ६८, मधुमेह, जुना दमा. ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला. मुलाने घरी माणूस बोलावून रक्त तपासून घेतलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. मग घशाचा स्वॅब, मग वाट पाहणं. चौथ्या दिवशी मोबाइलवर पीडीएफ आली, ‘एच१एन१ पॉझिटिव्ह’, म्हणजे स्वाइन फ्लू. तोवर काकूंना एक वाक्य एका दमात बोलता येईना. चार दिवसांत त्यांचे श्वास कुणी मोजले नव्हते. अकरा दिवस आयसीयूत काढून त्या घरी आल्या. मी मात्र २००९ मध्ये जाऊन पोचलो.

त्याआधीच्या २२ वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सर्दी, जुलाब, पावसाळ्यात कावीळ. ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल’ हे मी इतक्यांदा म्हटलं की पेशंटच माझ्याआधी म्हणायचे.

मग ३ ऑगस्ट २००९. पुण्यात १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवसापासून नायडू हॉस्पिटलपुढे रांग लागली. शाळा, थिएटरं बंद. एन-९५ मास्क मिळेनात म्हणून लोकांनी रुमाल बांधले; स्कूटरवरच्या पोरींचे स्कार्फ ही तोवर आमच्या थट्टेची गोष्ट, ती रातोरात शहाणपणाची ठरली. कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या. वाहिन्यांवर क्रिकेटच्या स्कोअरसारखा मृतांचा आकडा सरकत होता. नावात डुक्कर, म्हणून ‘मटण चालेल का डॉक्टर?’ असं रोज दहा जण विचारत. आजार पसरत होता माणसाच्या खोकल्यातून.

आम्हा गल्लीतल्या डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. त्यावरचं औषध टॅमीफ्लू दुकानात मिळत नव्हतं, ते सरकारी केंद्रातूनच. एका बैठकीत एक साहेब आमच्यावर कडाडले, ‘तुम्ही लोक पेशंट दडवून ठेवता.’ आठवड्याने तेच साहेब म्हणाले, ‘तुम्ही ऊठसूट सगळ्यांना इकडे पाठवता.’ दोन्ही वेळा आम्ही माना डोलावल्या. आजही तो राग गेलेला नाही.

त्याच ऑगस्टमध्ये कागदावर एक शहाणी गोष्ट आली: ए, बी, सी कॅटेगरी. ‘ए’ म्हणजे साधा ताप, खोकला, घसा, अंगदुखी. तपासणी नको, टॅमीफ्लू नको. घरी राहा, पॅरासिटामॉल घ्या, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा. ‘बी’ म्हणजे जास्त ताप आणि घसा फार दुखणं, किंवा लक्षणं सौम्य पण माणूस जोखमीचा: लहान मूल, गर्भवती, वृद्ध, मधुमेह, दमा, हृदयविकार. या जोखमीच्या माणसांना रिपोर्टसाठी न थांबता औषध. ‘सी’ म्हणजे धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीत रक्त, निळी नखं. त्यांना ताबडतोब हॉस्पिटल. मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सगळ्यात गुणकारी. हा फ्लू की दुसरा, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. पण माणूस कुठल्या रांगेत बसतो ते बघूनच ठरतं.

हा कागद टेबलाच्या काचेखाली असताना मी चुकलो. सातव्या महिन्यातली एक मुलगी आली, ताप १०१, कोरडा खोकला. ती सरळ ‘बी’मधली. चिठ्ठी देऊन पाठवली असती तर त्याच दिवशी औषध मिळालं असतं. मी म्हटलं, ‘स्वॅब देऊन ये, रिपोर्ट आला की बघू.’ तिसऱ्या रात्री तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं. ती वाचली, बाळ गेलं. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. मीही तिच्या घरी गेलो नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेला नाही. दरवर्षी येणाऱ्या फ्लूंमधलाच एक होऊन राहिला. मधली काही वर्षं त्या मानाने सामसूम. २०१५ मध्ये तो उसळला आणि देशात तीन हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१७ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा मार खाल्ला. पण तेव्हा रुमाल नव्हते, रांगा नव्हत्या. बातमी आतल्या पानावर. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते हे मी घसा कोरडा करून सांगायचो. लोक ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचे.

कोविडबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय. त्याने घरोघरी ऑक्सिमीटर आणला, इतकंच म्हणतो. काकूंच्या घरीही होता. ड्रॉवरमध्ये, सेल संपलेला.

काल त्यांच्या मुलाचा फोन आला. चार वर्षांच्या लेकीला ताप. ‘काका, कुठली टेस्ट करून घेऊ?’

म्हटलं, ‘आधी तिचा फ्रॉक वर कर आणि पोटाकडे बघत घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोज. खातेय का? खेळतेय का? ॲस्पिरिन मात्र चुकूनही देऊ नकोस.’

तो क्षणभर थांबला. ‘मोजायचं एखादं ॲप असेल ना?’

मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.