नकाशातली मोकळी जागा कुठे गेली?

प्लॉट घेताना आपण बरेच काही विचारतो. एन.ए. झाले का, रस्ता किती फुटांचा, नळ आला का, मशीद आणि शाळा किती लांब? ले-आउटच्या नकाशातल्या ‘ओपन स्पेस’बद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते घराच्या तब्येतीसाठी तोही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

दारव्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. सिमेंटचे रस्ते आणि स्लॅब दिवसभर तापतात अन् रात्री धग सोडतात. कडुनिंबाखाली मात्र बसवते. शुगर, बीपी असलेल्यांना डॉक्टर रोज चालायला सांगतात. पुरुषमंडळी मोठ्या रस्त्याने चालून येतात. पण अम्मी, खाला, घरातल्या सुना यांनी कुठे चालायचे? मुले मोबाइल सोडत नाहीत, अशी तक्रार पालक आम्हा शिक्षकांकडे करतात. सोडून ती खेळणार कुठे?

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनेची कडक औषधेही त्यांना कमी लागली.

कायदा आपल्या बाजूने आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. विकास आराखड्यातही बाग, मैदान यांसाठी आरक्षण असते. पण १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपते. लोक गप्प राहिले की बाग कागदावरूनही जाते.

म्हणून आपल्या ले-आउटचा मंजूर नकाशा नगर परिषदेतून मिळवावा. ओपन स्पेसवर कचरा पडू देऊ नये. आज उकिरडा, तर उद्या टिनाचे शेड उभे राहते. नवा आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचना मागवतात. त्या अर्जावर भगिनींच्याही सह्या असाव्यात. पावसाच्या सुरुवातीला कडुनिंब, करंज लावावेत. मशिदीतले वुजूचे पाणी नालीत जाते, ते झाडांकडे वळवता येईल. पहिले दोन उन्हाळे रोपे जगवली, तर पुढे ती आपली आपण वाढतात.