दोघांनी मिळून तुरुंग फोडताना



खडोलीतल्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आपल्या घरांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. बाबा दुसऱ्या पाळीहून येतात तेव्हा मुलगा कानाला हेडफोन लावून गेम खेळत असतो. जेवायला हाक मारली की "दोन मिनिटं". तक्रार खरी आहे. पण सगळेच व्हिडिओ गेम एकट्याने खेळायचे नसतात. काही गेम दोघे जण असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. अशाच एका गेमची, आणि त्यातल्या तुरुंगातून पळून जाण्याच्या भागाची, माहिती इथे देत आहे.

गेमचे नाव 'अ वे आउट'. स्टॉकहोमच्या हेझलाइट स्टुडिओने तो बनवला आणि मार्च 2018 मध्ये तो बाजारात आला. दिग्दर्शक जोसेफ फारेस हे मूळचे चित्रपट दिग्दर्शक. बैरूतमध्ये जन्मलेले आणि लहानपणी स्वीडनला गेलेले. गोष्ट 1972 सालच्या अमेरिकेतली आहे. लिओ आणि व्हिन्सेंट हे दोन कैदी. एक खेळाडू लिओ होतो, दुसरा व्हिन्सेंट.

अशा गेमला 'को-ऑप' म्हणतात. को-ऑप म्हटले की आपल्याला पतपेढी किंवा साखर कारखाना आठवतो. अर्थ तोच आहे, सहकार. दोघे एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, तर एकाच कामाला लागतात.

हा भाग चालतो कसा?

टीव्हीचा पडदा मधोमध दुभागलेला असतो. एका भागात लिओ, दुसऱ्यात व्हिन्सेंट. दोघे शेजारच्या कोठड्यांत आहेत. दोघांनाही आपापल्या शौचकुपामागची भिंत फोडायची आहे, पण छिन्नी एकच आहे. म्हणून एक जण भिंत कोरतो, तेव्हा दुसरा गजांपाशी उभा राहून पहारेकऱ्यावर नजर ठेवतो. पहारेकरी जवळ येताना दिसला की कोरणाऱ्याला सावध करायचे. त्याने लगेच हात थांबवून काही घडलेच नाही असे दाखवायचे. मग छिन्नी दुसऱ्याकडे जाते आणि कामांची अदलाबदल होते.

पुढे दोघांना एका उभ्या, अरुंद पोकळीतून वर चढायचे असते. शिडी नाही, दोर नाही. पाठीला पाठ लावून, पाय समोरच्या भिंतीवर रोवून दोघे वर सरकतात. इथे दोघांनी एकाच क्षणी बटण दाबावे लागते. एकाने घाई केली की दोघेही घसरतात. त्यामुळे सोफ्यावर बसलेली दोन माणसे मोठ्याने "एक, दोन, आता" असे मोजू लागतात. घरात बसून इतके ताल धरून केलेले काम मी तरी पूर्वी पाहिले नव्हते.

मी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाबरोबर हा भाग खेळलो. पहिल्यांदा पहाऱ्याचे काम माझ्याकडे आले. मला वाटले, आपल्याला सोपे दिले. मी त्याच्या अर्ध्या पडद्याकडे बघत बसलो, भिंत किती फुटली ते. तेवढ्यात पहारेकरी आला आणि मुलगा पकडला गेला. "बाबा, माझ्याकडे काय बघताय? गार्डकडे बघा ना!" तो ओरडला. त्याचे बरोबर होते. कोरणाऱ्याला पाठ वळवूनच काम करावे लागते. त्याची पाठ सांभाळणे हेच माझे काम होते, आणि मला ते काम वाटलेच नव्हते.

आपल्या इतिहासातला पहारा

या भागाचे मर्म मला तिथे कळले. सुटकेत पुढे जाणारा सगळ्यांना दिसतो. मागे थांबणारा दिसत नाही. आग्र्याहून सुटकेची 1666 सालची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेटारे सगळ्यांना आठवतात. पण परंपरेने चालत आलेल्या त्या गोष्टीत महाराजांच्या जागी अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिलेला हिरोजी फर्जंद आहे, आणि त्याचे पाय चेपत बसलेला मदारी मेहतर आहे. त्या दोघांनी कुठलीही भिंत ओलांडली नाही. त्यांनी वेळ मिळवून दिला. गेमच्या भाषेत सांगायचे तर अर्धा पडदा त्यांनी सांभाळला.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. 24 जुलै 1943 रोजी, भर पावसाळ्यात, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. हा तुरुंग किल्ल्यात होता, भोवती खंदक. त्यांनी तटावरून खंदकात उड्या घेतल्या. पाठलागावरच्या पोलिसांच्या गोळीबारात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. हेच वसंतदादा पुढे सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा करणारे आणि राज्याचे मुख्यमंत्री झाले. सहकार हा शब्द त्यांच्या आयुष्यात असा दोन्ही टोकांना आहे.

गेम आणि सांगली यांतला फरकही मुलांना सांगायला हवा. गेममध्ये पकडले गेलात तर काही क्षणांनी खेळ थोडा मागे जाऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून आपण हसत हसत चुकतो. सांगलीत पुन्हा सुरुवात नव्हती. आपल्या जोडीदाराने चूक केली तर जीव आपला जाईल, हे माहीत असूनही त्या माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवला. माझ्या मुलाने हे ऐकल्यावर कंट्रोलर खाली ठेवून विचारले, "त्यांचं वय काय होतं?" वसंतदादांचा जन्म 1917 चा. म्हणजे पंचविशीतले. तो गप्प झाला.

खेळायचे असेल तर

हा गेम 18 वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे. त्यात मारामारी, बंदुका आणि शिवीगाळ आहे. शाळकरी मुलांना तो देऊ नये. त्यांच्याबरोबर याच स्टुडिओचा 2021 चा 'इट टेक्स टू' खेळता येईल. तोही दोघांचाच आहे आणि 12 वर्षांवरील मुलांना चालतो.

गेमची एकच प्रत दोघांना पुरते. मुलगा शिकायला पुण्याला किंवा बडोद्याला असेल, तर त्याला वेगळा गेम विकत घ्यावा लागत नाही. इंटरनेटवरून तो मोफत जोडला जातो. तेव्हाही पडद्यावर दोघांचे भाग दिसतच राहतात.

खेळताना तीन गोष्टी सांभाळा. आधी बोला, मग बटण दाबा. जोडीदार चुकला तर त्याच्या हातातून कंट्रोलर ओढून घेऊ नका. गेम हळू शिकणाऱ्यासाठी थांबतो, आपणही थांबावे. आणि पहाऱ्याचे काम आले तर ते हलके समजू नका.

गोष्टीचा शेवट इथे सांगत नाही. एवढेच सांगतो, की तो झाल्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही न बोलता बसलो होतो, आणि नंतर रात्री उशिरापर्यंत बोलत राहिलो.

आपल्या भागात जुलैअखेरीस 1954 ची आठवण निघते. 22 जुलैला दादरा, 28 जुलैला नरोली, 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सांगलीचा 24 जुलै त्याच दिवसांत येतो. यंदा मुक्तिदिनाच्या सुट्टीला ज्यांची पाळी नसेल, त्यांनी मुलांच्या शेजारी सोफ्यावर बसून बघावे. पहिल्या वेळी पहारा स्वतःकडे घ्यावा, आणि नजर गार्डवर ठेवावी.