मोटारीतील वीज : लेखांक सातवा
खुंट एक, केबली अनेक

गेल्या लेखांकात स्टार्टरच्या मोटारीचे विवेचन झाले; तिला वीज ज्या खुंटावरून मिळते त्या खुंटाची विचारपूस मात्र राहून गेली. बॅटरीच्या माथ्यावरचे हे दोन शिशाचे खुंट, धनाचा किंचित जाड आणि ऋणाचा किंचित बारीक, वर निमुळते होत गेलेले, अशा बेताने घडवलेले असतात की प्रत्येकावर एकच क्लॅम्प वरून दाबून बसावा आणि त्याच्या बोल्टाने खुंटास सर्व बाजूंनी आवळून धरावे. परंतु आपल्याकडे डिझेलची जीप किंवा प्रवासी व्हॅन मालकाच्या हाती येऊन काही काळ लोटला की त्याच धनखुंटावर स्टार्टरच्या मूळ केबलीखेरीज मागे बसवलेल्या इन्व्हर्टरची, चिखलातून गाडी ओढण्यासाठी लावलेल्या विंचची आणि जादा दिव्यांची, अशा चार-पाच केबलींची गर्दी होते, आणि त्या सर्वांची तजवीज कोणीतरी क्लॅम्पच्याच बोल्टाखाली केबलींच्या टोकांचे चपटे भोकवाले तुकडे, म्हणजे लग, एकावर एक सारून करून ठेवलेली असते.

या व्यवस्थेतला दोष वरवर पाहता ध्यानात येत नाही, कारण नट घट्ट लागतो आणि गाडीही चालू होते. वस्तुतः त्या बोल्टाचे काम क्लॅम्पचे दोन ओठ जवळ आणण्याचे. त्याच्या माथ्याखाली लगांची चळत बसली म्हणजे त्याचा ताण ती चळत दाबण्यात खर्च होऊ लागतो. शिसे हा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकत राहतो, आणि आज आवळलेली पकड काही महिन्यांनी आपोआप ढिली पडते. शिवाय लगांकडे जाणाऱ्या प्रवाहाचा बराचसा भाग बोल्टाच्या पोलादातूनच वाट काढू लागतो, आणि पोलाद हे तांब्याच्या तुलनेने पुष्कळच कमी प्रतीचे वाहक आहे.

आता थोडा हिशेब करू. प्रवाहाने वाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केला. एखाद्या ढिल्या, मळकट सांध्याचा रोध ओहमच्या पाच सहस्रांशांइतका आहे असे धरू. हा आकडा इतका क्षुद्र की साध्या मीटरवर तो शून्यच दिसावा. डिझेल इंजिनाचा स्टार्टर ३०० अँपिअर ओढू लागला की या एका सांध्यावर दीड व्होल्टची जकात वसूल होते आणि तेथे ४५० वॅट उष्णता उत्पन्न होते. बारा व्होल्टांच्या तुटपुंज्या भांडवलातून दीड व्होल्ट वाटेतच गेला तर सेल्फ रखडत फिरणार, हे ओघानेच आले.

तरीही खरा धोका स्टार्टरकडून नाही, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. स्टार्टर दोन-चार सेकंदांत आपले काम उरकून मोकळा होतो; सांधा तापण्यापूर्वीच निवू लागतो. याउलट १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर सुमारे १०० अँपिअर घेतो आणि तासन् तास घेत राहतो. त्याच सांध्यावर तेव्हा अवघी ५० वॅट उष्णता निघते खरी, परंतु ती अंगठ्याएवढ्या जागेत साचून राहते. डाख देण्याच्या घरगुती सोल्डरिंग आयर्नचा भार बहुधा याहूनही कमी असतो, हे ध्यानात घेतले की साध्या पीव्हीसीचे आवरण, जे सामान्यतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तपमानासाठी योजलेले असते, अशा ठिकाणी का कडक होऊन तडकते याचा खुलासा होतो. आवरण असे नासले की आतील उघडी तार बॉनेटच्या पत्र्याला केव्हा टेकेल, एवढाच प्रश्न उरतो.

यावर इलाज जुना आहे, फारसा खर्चिकही नाही, पण त्यासाठी जी थोडी तसदी घ्यावी लागते तीच आपल्याला नको असते. खुंटावर एकच चांगला क्लॅम्प ठेवावा. त्यापासून पुरेशी जाड केबल काढून ती जवळच रोधक पायावर बसवलेल्या तांब्याच्या पट्टीवर, म्हणजे बसबारवर न्यावी. आणि इन्व्हर्टर, विंच, दिवे यांची प्रत्येकाची केबल त्या पट्टीवरच्या स्वतंत्र बोल्टावर लावावी. स्टार्टरची मूळ केबल मात्र कारखान्याने जशी दिली तशीच क्लॅम्पवर राहू द्यावी. एकाच बोल्टावर एकाहून अधिक लग लावणे अपरिहार्यच झाले तर सर्वांत जास्त प्रवाह नेणारा लग तळाशी, पट्टीला थेट चिकटून असावा, त्यावर उतरत्या क्रमाने बाकीचे, आणि वॉशर सर्वांच्या वर. दोन लगांमध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घालण्याची जी वहिवाट दिसते ती सर्वस्वी त्याज्य होय, कारण त्या धातूचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट असतो. अमेरिकेतील नौकाबांधणीच्या मानकांत एका बोल्टावर चाराहून अधिक जोडण्या नसाव्यात असा दंडक आहे. मोटारींना तो लागू नाही, पण पाळण्यास हरकत नसावी.

फ्यूजविषयी एक गैरसमज फार रुजलेला आहे, तो असा की फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो. येथे तो केबलीच्या रक्षणासाठी आहे. शॉर्ट झाल्यास चांगली बॅटरी हजार अँपिअरहूनही अधिक प्रवाह देऊ शकते, आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला त्या प्रसंगी कोणाचाही आधार नसतो. सबब फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका निकट असावा आणि त्याचा आकडा केबल सुखाने जेवढे सोसेल त्याहून मोठा नसावा. इन्व्हर्टरशेजारी मागच्या डिकीत बसवलेला फ्यूज पुढच्या तीन मीटर केबलीचे काडीमात्र रक्षण करीत नाही.

ऋण बाजूचा विचार वेगळा करावा लागतो. अलीकडच्या बऱ्याच मोटारींत ऋणखुंटावरच प्रवाह मोजणारे एक लहान यंत्र बसवलेले असते आणि त्याच्या वाचनावरून अल्टरनेटरचा बंदोबस्त चालतो. जादा उपकरणाची ऋण केबल थेट खुंटाला लावली तर तो प्रवाह या यंत्राच्या हिशेबात येतच नाही आणि बॅटरी किती रिकामी झाली याचा अंदाज चुकत जातो. ती केबल चासीला, रंग खरवडून लखलखीत केलेल्या जागी, स्वतंत्र बोल्टाने जोडावी.

काम करताना ऋण केबल प्रथम सोडावी आणि सर्वांत शेवटी लावावी. धनाचा नट सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला आणि ऋण बाजू जोडलेली असली तर पान्यातूनच शॉर्ट होते. ठिणगी उडते, आणि चार्ज होऊन गेलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन वायू रेंगाळत असेल तर स्फोटही संभवतो. हातातली अंगठी व कडे आधीच काढून ठेवावे. खुंटावरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढून, खुंट पुसून कोरडा करून मगच क्लॅम्प बसवावा. व्हॅसलीन लावायचे ते क्लॅम्प आवळल्यानंतर, वरून.

सांधा निर्दोष आहे की नाही हे नजरेने ठरत नाही, पण साध्या व्होल्टमीटरने ते मिनिटभरात ठरते. मीटरचे एक टोक थेट शिशाच्या खुंटावर, दुसरे केबलीच्या लगावर टेकवावे आणि दुसऱ्या कोणाकडून सेल्फ मारवून घ्यावा. वाचन दशांश व्होल्टाच्या वर गेले तर सांधा उघडून साफ करणे भाग आहे. सकाळच्या थंडीत सेल्फ रखडू लागला की दुकानदार प्रथम बॅटरीच बदलावयास सांगतो, आणि कित्येकदा नवी बॅटरी त्याच मळक्या क्लॅम्पखाली जाऊन बसते. ही मोजणी करून घेतल्यावाचून नव्या बॅटरीचे पैसे मोजू नयेत, एवढी वाचकांस विनंती आहे. अल्टरनेटरचा विचार पुढील लेखांकी.