ट्रॅक्टरची तेलवाटी

बैलास चारापाणी वेळेवर देणारा शेतकरी ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरकडे मात्र ढुंकूनहि पाहत नाहीं, आम्हीहि त्यांतलेच. अनेक ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरखालीं तेलाची वाटी असते. आंत येणारी हवा या तेलावर आपटते, धूळ तेलांत बसते व उरलीसुरली वरच्या जाळीस चिकटते. वाटी गाळानें भरली म्हणजे धूळ थेट सिलिंडरांत शिरून पिस्टनच्या रिंगा झिजविते. एंजिनचें तेल आम्ही तासांची नोंद ठेवून बदलीत असूं. दप्तराची जुनी संवय, दुसरें काय! वाटीची नोंद मात्र कधीं केली नाहीं. सन २०१६ च्या उन्हाळी नांगरटींत धूर निळा येऊं लागला, तेल घटूं लागलें, आणि अखेर एंजिन खोलावें लागलें. त्या वर्षीं कांद्याचे पैसे त्यांतच गेले.

सबब वाचकांस विनंती कीं, धुळीच्या कामांत वाटी रोज पाहावी. एंजिन बंद करून जाळींतलें तेल निथळूं द्यावें, मग वाटी उतरवावी. गाळ दिसल्यास डिझेलनें धुऊन, कोरडी पुसून, खुणेपर्यंतच नवें तेल भरावें; जास्त भरल्यास तें एंजिनांत ओढलें जातें. कागदी फिल्टर असल्यास तो डिझेलनें कदापि धुऊं नये. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ ओतूं नये.